अक्सुमचं साम्राज्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतलं एक राज्य रोम आणि इराणच्या पंगतीला बसत होतं, त्याची स्वतःची सोन्याची नाणी होती आणि त्याच्या बंदरात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं कापड उतरत होतं, एवढं सांगितलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं चार ओळींत आटोपतात, काहींना जरा वेळ द्यावा लागेल.

अक्सुम नेमकं कुठे आहे?

इथिओपियाच्या उत्तरेला, तिग्राय प्रांतात. अक्सुम नावाचं शहर तिथे आजही नांदतं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर. साम्राज्याचा गाभा म्हणजे हे पठार आणि शेजारचा आजचा एरिट्रिया. बंदर होतं अदुलिस, एरिट्रियाच्या किनाऱ्यावर, मसावाच्या दक्षिणेला.

राजधानी आणि बंदर यांच्यातलं हे अंतर लक्षात ठेवा, पुढचं बरंच त्यावरून उलगडतं. अदुलिसहून निघालेला माणूस आठ दिवसांनी अक्सुमला पोचायचा. कोकणातून घाट चढून देशावर यावं तसाच हा रस्ता, फक्त घाट कितीतरी उंच. खाली उकाडा आणि समुद्र, वर थंड हवा, पाऊस आणि शेती. दोन्ही टोकं एकाच राजाच्या हातात होती, तोवर त्याची चलती होती.

काळ कोणता?

ढोबळमानाने इसवी सनाचं पहिलं ते सातवं शतक. भरभराट तिसऱ्या ते सहाव्या शतकातली. त्याआधी याच भागात येहा इथे मोठी वस्ती होती. तिथलं दगडी देऊळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचं आहे आणि त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यामुळे अक्सुम काही रिकाम्या माळावर एकाएकी उगवलं नाही.

ते खरंच एवढं मोठं होतं, की आता अभिमानापोटी फुगवून सांगतात?

तिसऱ्या शतकात इराणमध्ये मानी नावाचा धर्मसंस्थापक होऊन गेला. त्याच्या शिकवणुकीच्या ग्रंथात जगातली चार मोठी राज्यं मोजली आहेत. पहिलं इराणचं, दुसरं रोमचं, तिसरं अक्सुमचं आणि चौथं बहुधा चीनचं. मानीला अक्सुमच्या राजाची खुशामत करायचं काही कारण नव्हतं. अर्थात त्याची यादी म्हणजे मोजमाप नव्हे. लोकसंख्येत किंवा सैन्यात अक्सुम रोमच्या जवळपासही नसणार. पण दूरच्या व्यापारी जगात त्याचं नाव कोणाबरोबर घेतलं जात होतं, हे त्यावरून कळतं.

ते काय विकत होते आणि काय विकत घेत होते?

विकायला मुख्य माल हस्तिदंत. त्याबरोबर गेंड्याचं शिंग, कासवाची पाठ आणि आतल्या भागातून येणारं सोनं. गुलामांचा व्यापारही होता, तो वगळून चित्र रंगवण्यात अर्थ नाही. हत्ती किती होते? सहाव्या शतकात नोन्नोसस नावाचा रोमन राजदूत अक्सुमच्या दरबारात गेला होता. वाटेत आपण सुमारे पाच हजार हत्तींचा कळप चरताना पाहिला, असं त्याने नोंदवलं आहे. आकडा डोळ्यांच्या अंदाजाचा आहे, तरी कल्पना येते.

खरेदीची यादी जास्त रंजक आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लाल समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली, ती ‘पेरिप्लस’. अदुलिसला काय खपतं, ते तिच्यात बारकाईने दिलं आहे. इजिप्तचं कापड, काचसामान, कुऱ्हाडी, तलवारी, हत्तीच्या शिकारीच्या भाल्यांसाठी लोखंड, बायकांच्या कड्यांसाठी आणि वाळ्यांसाठी तांब्याचे पत्रे, थोडी दारू, थोडं ऑलिव्हचं तेल. पितळही जायचं. दागिन्यांसाठी तर जायचंच, पण त्याचे तुकडे तोडून ते पैशांसारखे वापरायचे. पहिल्या शतकात सुटे पैसे म्हणून पितळेचे तुकडे चालवणाऱ्या या देशाने पुढे दोनशे वर्षांत सोन्याचं नाणं पाडलं.

याच पुस्तिकेत तिथल्या झोस्कालिस राजाबद्दल एक शेरा आहे. पैशाला चिकट, सदैव आणखी मिळवण्याच्या मागे, बाकी माणूस सरळ आणि ग्रीक वाचता-लिहिता येणारा. व्यापाऱ्याने राजाला दिलेलं याहून प्रामाणिक प्रशस्तिपत्रक माझ्या वाचनात नाही.

भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी संबंध होता का?

होता, आणि त्याचे पुरावे चांगले आहेत.

पेरिप्लसमध्ये अदुलिसला येणाऱ्या मालात ‘अरियाके’ प्रांताचा माल वेगळा सांगितला आहे. अरियाके म्हणजे गुजरातच्या दक्षिणेपासून उत्तर कोकणापर्यंतचा पट्टा. तिथून काय जायचं? लोखंड, पोलाद, रुंद पन्ह्याचं सुती कापड, कमरपट्टे, थोडी मलमल आणि रंगाची लाख. अदुलिसच्या पुढे, आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर, याच भागातून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि साखर उतरायची. म्हणजे जवळपास आपलं वाणसामानच.

या व्यापाराचं इकडचं मोठं बंदर भडोच. पैठण आणि तेर ही घाटमाथ्यावरची गावं पेरिप्लसला ठाऊक आहेत आणि तिथला माल खडतर रस्त्यांनी गाड्यांवर लादून भडोचला येतो, असंही त्यात म्हटलं आहे. कल्याणही आहे, पण अडचणीत. सातकर्णीच्या काळात ते रीतसर बाजारपेठ होतं, पुढे मात्र तिथे चुकून लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं पेरिप्लसचा लेखक लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात बंदराचं असं मरण झालं होतं.

साडेचारशे वर्षांनी चित्र पालटलेलं दिसतं. सहाव्या शतकात अदुलिसला येऊन गेलेला कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी (पुढे तो ख्रिस्ती साधू झाला) भारतातल्या मोठ्या पेठांमध्ये कल्याणचं नाव घेतो. तिथून पितळ, शिसवासारखं लाकूड आणि कापड निघतं आणि तिथे इराणमधून नेमलेला ख्रिस्ती बिशप आहे, असं तो सांगतो.

लिखित पुराव्याला वस्तूंची जोड आहे. इथिओपियात देब्रे दामो हा कड्यावरचा मठ आहे, जिथे आजही दोर धरून चढावं लागतं. तिथे १९४० मध्ये कुषाण राजांची शंभरहून जास्त सोन्याची नाणी सापडली. उलट दिशेने, अक्सुमची सोन्याची नाणी दक्षिण भारतात मिळाली आहेत. आणि अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरच्या होक गुहेत भारतीय खलाशी-व्यापाऱ्यांनी ब्राह्मी लिपीत भिंतींवर आपापली नावं लिहून ठेवली आहेत, काहींनी भडोचचा उल्लेख केला आहे. त्याच गुहेत अक्सुमच्या लोकांचीही अक्षरं आहेत. पर्यटनस्थळी नाव कोरायची खोड जुनी आहे, पण या वेळी तिचा उपयोग झाला.

एवढं सगळं असूनही ‘पैठणच्या विणकराचं वस्त्र अक्सुमची राणी नेसायची’ छापाचे फॉरवर्ड आले, तर पुढे पाठवू नका. पुरावा आहे तो बंदरांचा आणि मालाचा.

सोनं कुठून यायचं? आणि तो ‘मुका व्यापार’ काय प्रकार होता?

सोनं अक्सुमच्या दक्षिणेला असलेल्या सासू नावाच्या मुलखातून यायचं. कॉस्मासने त्याचं वर्णन केलं आहे.

दर एक वर्षाआड अक्सुमचा राजा अगाव भागातल्या सुभेदारामार्फत आपली माणसं पाठवायचा. त्यांच्याबरोबर इतर व्यापारी निघायचे, मिळून पाचशेच्या वर माणसं. बरोबर गुरं, मिठाच्या वड्या आणि लोखंड. सासूजवळ पोचले की काटेरी झुडपं तोडून मोठं कुंपण घालायचे आणि आत मुक्काम टाकायचे. मग गुरं कापून मांसाचे तुकडे कुंपणाच्या काट्यांवर मांडायचे, शेजारी मीठ आणि लोखंड. तिथले लोक सोन्याचे खडे घेऊन यायचे. ज्याला जे हवं त्यावर एक-दोन खडे ठेवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. मालाचा धनी पुढे व्हायचा. भाव पटला तर सोनं उचलायचा आणि गिऱ्हाईक माल घेऊन जायचं. पटला नाही तर तो सोन्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक परत यायचं, आणखी एखादा खडा टाकायचं किंवा आपलं सोनं उचलून चालू पडायचं. अख्खी घासाघीस एका शब्दाशिवाय. भाषा कळत नव्हत्या आणि दुभाषे मिळत नव्हते, असं कारण कॉस्मास देतो.

पाच दिवसांत व्यवहार उरकायचा. येण्याजाण्याला सहा महिने लागायचे. परतीच्या वाटेवर सगळे हत्यारबंद आणि घाईत, कारण सोन्यासाठी लूटमार व्हायची आणि पावसाने नद्या भरायच्या आत घर गाठायचं असायचं.

नाण्यांचं एवढं कौतुक कशासाठी?

सहाराच्या दक्षिणेला स्वतःची नाणी पाडणारं हे पहिलं राज्य, म्हणून. इ.स. २७० च्या सुमारास एंदुबिस राजाने सुरुवात केली. सोन्याच्या नाण्यांवर मजकूर ग्रीक, कारण ती परदेशी व्यापाऱ्याच्या हातात जायची. पुढे चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्यांवर गेझ ही तिथली स्वतःची भाषा आली, ती घरच्या बाजारासाठी. राजाच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना धान्याच्या लोंब्या आहेत. व्यापारावर मोठा झालेला राजा नाण्यावर कणसं लावतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. काही चांदी-तांब्याच्या नाण्यांवर मुकुटाभोवती किंवा क्रुसाभोवती तेवढ्याच जागी सोन्याचा मुलामा आहे. एवढ्याशा नाण्यावर हे काम करणं किती किचकट असेल, ते सोनारालाच विचारा.

चौथ्या शतकातल्या एका तांब्याच्या नाण्यावर राजाचं नाव नाही. त्यावर ग्रीकमध्ये लिहिलं आहे: ‘हे देशाला आवडो.’

ते प्रचंड दगडी खांब कशासाठी उभारले?

राजांच्या आणि सरदारांच्या थडग्यांवरच्या खुणा म्हणून. खाली जमिनीत दफनाच्या खोल्या आहेत. खांब एकसंध दगडाचे, जवळच्याच, सुमारे चार किलोमीटरवरच्या खाणींतले. मोठ्या खांबांवर मजल्यांच्या इमारतीचं रूप कोरलं आहे. तळाला खोटा दरवाजा, त्याला कडीसुद्धा, वर खिडक्यांच्या ओळी आणि लाकडी तुळयांची बाहेर डोकावणारी टोकं.

सर्वांत मोठा खांब ३३ मीटरचा, पाचशे टनांहून जास्त वजनाचा. तो आडवा पडून तुकडे झालेला आहे, बहुधा उभा करतानाच कोसळला असावा. दुसरा, सुमारे २४ मीटरचा, मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ मध्ये रोमला नेऊन उभा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो परत द्यायचं ठरलं, आणि ठरल्यावर इटलीने अर्धशतकाहून जास्त काळ चालढकल केली. अखेर २००५ मध्ये तीन तुकड्यांत विमानाने आला आणि २००८ मध्ये मूळ जागेजवळ उभा राहिला.

राज्य ख्रिस्ती कसं झालं?

चौथ्या शतकात, एझाना राजाच्या काळात. टायर शहरातला फ्रुमेंटियस नावाचा मुलगा लाल समुद्रातल्या प्रवासात पकडला गेला, अक्सुमच्या दरबारात वाढला आणि राजपुत्राच्या शिक्षणात त्याचा हात राहिला. पुढे अलेक्झांड्रियाचा मुख्य धर्मगुरू अथानासियस याने त्याला बिशप नेमलं. एझानाच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब आहे, नंतरच्या नाण्यांवर क्रूस. धर्मांतराचा एवढा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. श्रद्धा किती आणि हिशेब किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, पण गिऱ्हाईक असलेलं रोम त्याच सुमारास ख्रिस्ती होत होतं, हे विसरू नये. फ्रुमेंटियसनेही आधी तिथल्या रोमन ख्रिस्ती व्यापाऱ्यांनाच हाताशी धरून प्रार्थनास्थळं उभी करवली होती.

अक्सुमने अरबस्तानावर स्वारी केली होती का?

केली होती, आणि माझ्या मते उतरणीची सुरुवात तिथून झाली. ५२३ मध्ये येमेनच्या हिम्यर राज्याचा यहुदी राजा यूसुफ (धू नुवास) याने नजरानच्या ख्रिश्चनांची कत्तल केली. अक्सुमच्या कालेब राजाने ५२५ मध्ये आरमार घेऊन समुद्र ओलांडला आणि त्याला संपवलं. रोमन सम्राटाचा पाठिंबा होता. कारण धर्माचं सांगितलं गेलं, पण लाल समुद्राच्या तोंडाचे दोन्ही काठ हातात येणार होते, हेही उघड आहे.

ताबा मात्र टिकला नाही. अब्रहा नावाचा सेनानी तिथे स्वतःच राजा होऊन बसला आणि कालेबला ते नाइलाजाने सोसावं लागलं. दरम्यान सम्राट जस्टिनियनने अक्सुमला गळ घातली, की भारतीयांकडून रेशीम तुम्ही घ्या आणि आम्हाला विका, म्हणजे इराणला पैसे मोजायला नकोत. अक्सुमने होकार भरला, पण जमलं नाही. त्या काळचा रोमन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, भारतीय गलबतं ज्या बंदरांना लागत तिथे इराणी व्यापारी आधीच हजर असत आणि अख्खा मालच उचलत. येमेन जिंकता आलं, पण भारतातल्या बंदरावर पहिला भाव लावणारा माणूस अक्सुमचा नव्हता. सहाव्या शतकाच्या शेवटाकडे इराणने येमेनही घेतलं.

मग ऱ्हास कशाने झाला?

आपल्याला एक शत्रू, एक लढाई, एक तारीख हवी असते. इथे तशी नाही. अक्सुमचा पैसा आतल्या मुलखातला हस्तिदंत आणि सोनं समुद्रापर्यंत आणण्यात आणि समुद्रावरचा माल वर नेण्यात होता. हा रस्ता वाहता राहिला पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक पाहिजे. सातव्या शतकात दोन्ही गोष्टी बिघडल्या.

गिऱ्हाईक आधी गेलं. रोम आणि इराण यांचं दीर्घ युद्ध पेटलं, इजिप्त काही वर्षं इराणच्या ताब्यात गेला, आणि परत मिळतो न मिळतो तोच ६४० नंतर अरबांकडे गेला. भूमध्य समुद्राकडे जाणारा जुना व्यापार आटला. ७६२ मध्ये बगदाद वसल्यावर भारताकडच्या मालाचा मोठा ओघ इराणच्या आखाताकडे वळला. अदुलिस सातव्या शतकात ओस पडलं आणि आठव्या शतकाच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यासमोरची दहलक बेटं अरबांनी घेतली.

नाण्यांवरून हा उतार आधीपासून दिसतो. सोन्याच्या नाण्यातलं सोनं शतकागणिक कमी होत गेलं आणि सातव्या शतकाच्या पूर्वार्धात नाणी पाडणंच थांबलं.

जमिनीचं दुखणं वेगळं. पठारावर शतकानुशतकं झाडं तुटत होती, घरांसाठी, कोळशासाठी, शेत वाढवण्यासाठी. भूगोलाचे अभ्यासक कार्ल बुत्झर यांनी अक्सुमच्या परिसरातल्या मातीचे थर तपासून दाखवलं, की उतारांची सुपीक माती मोठ्या प्रमाणात वाहून गेली. पुढे पाऊसमानही बेभरवशाचं झालं. शहर पोसायला धान्य कमी आणि बाहेरून आणायला पैसा कमी, अशी दुहेरी कोंडी.

यातलं पहिलं कारण मोठं की दुसरं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मी व्यापाराच्या बाजूने आहे, कारण माती धुपलेल्या प्रदेशातही राज्यं तगतात, पण बंदर बंद पडल्यावर व्यापारी साम्राज्य उरत नाही.

म्हणजे इस्लामने अक्सुम बुडवलं?

हे सोपं उत्तर चुकीचं आहे. उतार आधीच लागला होता. शिवाय मक्केत छळ सुरू झाल्यावर ६१५ च्या सुमारास पहिल्या मुसलमानांच्या एका गटाला आसरा दिला तो अक्सुमच्याच ख्रिस्ती राजाने. इस्लामी परंपरेत तो ‘नजाशी’ म्हणून आदराने ओळखला जातो. त्याच्या मृत्यूची बातमी आल्यावर पैगंबरांनी त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढली, अशी हदीस आहे. अरब सत्तेने लाल समुद्राचा व्यापार बदलला हे खरं, पण पठारावरचं राज्य त्यांनी जिंकलं नाही.

गुदित राणीने शहर जाळलं, ही गोष्ट खरी का?

इथिओपियाच्या परंपरेत ती फार पक्की आहे. दहाव्या शतकात एका राणीने चर्च जाळली, राजघराण्याला पळवून लावलं, वगैरे. त्या शतकातला अरब प्रवासी इब्न हौकल हबशांच्या देशावर राज्य करणाऱ्या एका राणीचा उल्लेख करतो, म्हणजे गोष्टीला काही आधार आहे. पण तोवर अदुलिस ओस पडून तीनशे वर्षं झाली होती. तिने जे पाडलं ते व्यापारी साम्राज्य नव्हतं.

त्यानंतर काय?

सत्तेचं केंद्र दक्षिणेला सरकलं. झाग्वे घराण्याच्या काळाशी लालिबेलाची खडकात कोरलेली चर्च जोडली जातात. १२७० मध्ये स्वतःला बायबलमधल्या सॉलोमन राजाचा वंशज म्हणवणारं घराणं आलं आणि मधली खळगी धरून १९७४ पर्यंत, शेवटचा सम्राट हैले सेलासी याच्यापर्यंत, त्या नावाने राज्य चाललं. अक्सुम गरीब झालं, पण काही राजे राज्याभिषेकासाठी मुद्दाम तिथे जात राहिले.

शेबाची राणी अक्सुमची होती का? आणि ती कराराची पेटी?

सॉलोमनला भेटायला गेलेल्या शेबाच्या राणीची बायबलमधली गोष्ट त्याच्याच काळातली, म्हणजे अक्सुमच्या उदयाआधी जवळपास हजार वर्षांची. गावात ‘शेबाच्या राणीचा वाडा’ म्हणून दाखवतात ती दुंगुरची वास्तू तर सहाव्या शतकाच्या आसपासची आहे. कराराची पेटी, म्हणजे बायबलप्रमाणे देवाच्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पेटी, अक्सुममधल्या सेंट मेरी ऑफ झायन चर्चच्या आवारात आहे, असं तिथलं चर्च मानतं. एकच साधू तिची राखण करतो आणि दुसऱ्या कोणाला ती पाहता येत नाही.

गेझ लिपी आपल्या बाराखडीसारखी आहे म्हणतात?

पद्धत सारखी आहे. व्यंजनाच्या मूळ अक्षरालाच रेघ किंवा गाठ जोडून स्वर दाखवायचा. एझानाच्या काळापासून ही स्वरचिन्हं दिसू लागतात. भारतीय लिप्यांकडे पाहून ही कल्पना सुचली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते मान्य नाही. दोन्हीकडचे व्यापारी भेटत होते, एवढं मात्र नक्की. चर्चच्या प्रार्थना आजही गेझमध्येच होतात.

मलिक अंबर अक्सुमचा होता का?

नाही. मलिक अंबरचा जन्म इथिओपियातला, पण सोळाव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे अक्सुमची नाणी बंद होऊन नऊशे वर्षं उलटल्यावरचा. निजामशाहीतला वजीर, खडकीचा (पुढच्या औरंगाबादचा) संस्थापक आणि जंजिऱ्याचे सिद्दी हा वेगळा आणि तितकाच मोठा विषय आहे.

नाचणी तिकडूनच आली का?

हो, नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. पण ती अक्सुमच्या कितीतरी आधी भारतात पोचली होती, तेव्हा भाकरीचं श्रेय अदुलिसच्या व्यापाऱ्यांना देऊ नये. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात.

आज अक्सुम पाहायला जाता येतं का?

१९८० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. २०२० ते २०२२ या काळात तिग्रायमध्ये भीषण युद्ध झालं आणि अक्सुममध्येही मोठी प्राणहानी झाली, त्यामुळे निघण्याआधी परराष्ट्र खात्याच्या ताज्या सूचना वाचाच. खांब, थडगी आणि दुंगुर एका दिवसात पाहून होतात, देब्रे दामोला वेगळा दिवस ठेवावा लागतो आणि तिथे वर फक्त पुरुषांनाच चढू देतात. अदुलिस एरिट्रियात आहे. दोन देशांतला तणाव पाहता राजधानी आणि बंदर एकाच सहलीत उरकायचा बेत करू नका.